ड्रायव्हरचं जेवण आणि जहाजाचं बंदर

रात्रीची गाडी जेवायला कुठे थांबते हे प्रवासी ठरवत नाहीत. पुढे-मागे चार बरी हॉटेलं असतात, पण गाडी नेमकी तिथेच वळते जिथे चहा पाणचट आणि भाजी सकाळची. प्रवासी कुरकुरत दोनशे रुपयांची थाळी खातात. ड्रायव्हर आणि क्लीनर आतल्या बाजूला वेगळ्या टेबलावर बसतात, त्यांच्यापुढे न मागता ताट येतं, वर पापड, निघताना पुडी. पैसे कोणी मागत नाही. चाळीस भुकेली माणसं दारात आणून उभी केल्याची ती किंमत असते आणि ती आपल्याच थाळीतून वसूल झालेली असते.

पंचवटीत टूरच्या गाड्या लावायचा धंदा मी वीस-बावीस वर्षं केला. त्यामुळे त्या आतल्या टेबलावर मीही बसलोय, हे आधीच सांगून टाकतो. क्रूझ जहाजं अमुक बंदरातच का जातात आणि शेजारच्या, कदाचित जास्त देखण्या, बंदराकडे ढुंकूनही का बघत नाहीत, या प्रश्नाकडे मी त्या टेबलावरून बघतो.

नाशिकला समुद्र नाही, मग हा विषय नाशिककराने का काढावा? कारण तो आमच्याकडेच निघाला. मुंबईत बॅलार्ड पियरला नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केलं होतं, २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे म्हणून. झालं. हॉटेलवाल्यांच्या एका बैठकीत मी मागच्या रांगेत बसलो होतो, तिथे विषय हाच : मुंबईला उतरलेले हे गोरे पाहुणे नाशिकला कसे आणायचे? वाइन आहे, त्र्यंबकेश्वर आहे, पांडवलेणी आहेत, २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, आता समृद्धी महामार्गही झाला. मग अडतंय कुठे?

अडतंय घड्याळात. जहाज सकाळी आठला लागलं असं धरा. कागदपत्रं, रांगा, बस यांत सव्वानऊ होतात. संध्याकाळी सहाला सुटायचं तर प्रवासी पाचला आत हवा, आणि टूरवाला शहाणा असेल तर तो चारचीच वेळ सांगतो, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही. हातात राहिले पावणेसात तास. बॅलार्ड पियर ते नाशिक एकशे सत्तर किलोमीटरच्या आसपास. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि कसारा घाटाची कटकट कमी झाली हे खरं. पण आमणेपर्यंत पोचायला आधी दक्षिण मुंबई, ठाणे आणि भिवंडी पार करावी लागते. जाऊन-येऊन सात तास म्हणजे नशीब जोरावर असल्याचा हिशेब. नाशिकवरून जाणारी शिर्डीची वंदे भारत बॅलार्ड पियरजवळच्याच सीएसएमटीवरून सुटते, पण ती पहाटे निघून जाते, तेव्हा जहाज अजून समुद्रात असतं. म्हणजे पाहुणा नाशिकला येईल, गाडीतूनच गोदावरीला हात जोडेल आणि परत फिरेल.

त्या बैठकीत एक मुद्दा चांगला आला होता. रोमला तरी कुठे समुद्र आहे? जहाज चिव्हितावेक्कियाला लागतं आणि प्रवासी सत्तर-ऐंशी किलोमीटरवर रोमला जाऊन येतात. खरंय. व्हेनिसचं तर आणखी मजेशीर आहे. पंचवीस हजार टनांवरच्या जहाजांना ज्युदेक्का कालव्यातून जायला ऑगस्ट २०२१ पासून बंदी झाली, तेव्हा काही कंपन्यांनी जहाजं राव्हेन्नाला न्यायला सुरुवात केली. राव्हेन्ना व्हेनिसपासून रस्त्याने सव्वाशे-दीडशे किलोमीटर, पण पत्रकात कंसात ‘व्हेनिस’ छापलेलं असतंच. तेव्हा अंतर हाच एकमेव अडसर नाही. मात्र रोम आणि व्हेनिस या नावांसाठीच माणूस तिकीट काढतो. मोठ्या जगप्रवासावर निघालेली जहाजं मुंबईत कधी कधी दोन दिवस थांबतात, तेव्हा त्यातले पैसेवाले प्रवासी काय करतात? विमान पकडून ताजमहाल बघून येतात. आग्रा हजाराहून जास्त किलोमीटरवर, तरी ते जवळ पडतं. नाशिक त्या मानाने दाराशी, तरी लांब. हे ऐकायला आम्हाला कडू लागतं, पण ते खरं आहे.

आता कोकणाकडे वळू, कारण खरा पैसा तिथे खर्च व्हायचा आहे. रत्नागिरीच्या भगवती बंदरावर क्रूझ टर्मिनल करण्याची घोषणा झाली. अशा घोषणांमागे एकच समजूत असते : धक्का बांधला की जहाज येतं.

जहाज कसं येतं ते आधी बघू. क्रूझ जहाज दिवसा बंदरात आणि रात्री वाटेत असतं. संध्याकाळी सहाला निघून सकाळी सातला पोचायचं, म्हणजे तेरा तास. ताशी अठरा सागरी मैल धरले तर सव्वादोनशे-अडीचशे सागरी मैल होतात. मुंबईहून गोव्याचं मुरगाव बंदरही जवळपास तेवढंच आहे. मुंबई-गोवा ही जोडी जमली ती गोव्याच्या नावामुळे, त्यात शंका नाही, पण तितकीच या एका रात्रीमुळे. आता नकाशा उघडा. हरिहरेश्वर, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग ही सगळी बंदरं या वाटेवर मध्ये येतात. मध्ये म्हणजे कधी? रात्री दहाला, बाराला, दोनला. कोकणचं दुर्दैव असं की क्रूझच्या वेळापत्रकात त्याची बंदरं मध्यरात्री येतात. त्यांच्या सौंदर्याचा इथे संबंधच येत नाही, प्रवासी तेव्हा जहाजावरच्या नाचगाण्यात असतो किंवा झोपलेला असतो.

जहाज हळू चालवून सकाळी रत्नागिरीला का आणू नये? आणता येतं, पण मग सहल एका दिवसाने लांबते, तिकीट वाढतं, आणि त्या जास्तीच्या दिवसाच्या बदल्यात गिऱ्हाइकाला दाखवायचं काय हा प्रश्न येतो. त्यात पाण्याची भानगड. क्रूझ जहाज मालवाहू जहाजाइतकं खोल बसत नाही, सात ते नऊ मीटर पाणी त्याला पुरतं, पण लांबी अफाट. मुंबईहून आपली माणसं ज्या ‘एम्प्रेस’वर गोव्याला जातात ती १९९० ची, आजच्या मानाने लहान, तरी दोनशे मीटरच्या वर. २०२४ च्या जानेवारीत निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ तीनशे पासष्ट मीटरची. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे, आत वळायला जागा नाही. बाहेर नांगर टाकायचा आणि माणसं लाँचमधून उतरवायची तर दोन हजार माणसांच्या किती फेऱ्या? लाट उसळत असेल तर साठीच्या बाईंना शिडीवरून होडीत कोण घालणार? आणि जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत तो विषयच नाही. मुंबईची ही जहाजं पावसाळ्यात चेन्नईच्या बाजूला जातात ती उगाच नाही.

पण थांबा. कोकणात बोटी थांबत होत्याच की. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट बंदर घेत घेत वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यापर्यंत जायची. दाभोळ, जयगड, मुसाकाजी, जैतापूर, देवगड, मालवण. बोट बाहेर उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. ट्रंका, वळकट्या, पोरंबाळं त्या डुलणाऱ्या पडावात उतरायची. मध्यरात्रीसुद्धा. वाळूचे दांडे तेव्हाही होतेच, फरक होता तो बोटीत कोण बसलंय यात. चाकरमानी आपल्या गावी चालला होता आणि त्याचं गाव जिथे, तिथे बोटीला थांबणं भाग होतं. म्हणजे बंदर प्रवासी ठरवायचा. पुढे रस्ते झाले, एसटी आली, बोटी बंद पडल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. क्रूझच्या प्रवाशाला मात्र कुठेच पोचायचं नसतं. तो जहाजावरच राहायला आलेला असतो आणि बंदर म्हणजे मधली सुट्टी. असं गिऱ्हाईक मिळालं की थांबा कोण ठरवणार? गाडीचा मालक.

आणि मालकाचं गणित तिकिटावर संपत नाही. मोठ्या क्रूझ कंपन्यांचं जवळपास एकतृतीयांश उत्पन्न तिकिटाबाहेरचं असतं : दारू, कसिनो, दुकानं, मसाज, किनाऱ्यावरच्या सहली. जहाज बंदरात असलं की कसिनो आणि दुकानं बहुतेक ठिकाणी बंद ठेवावी लागतात. म्हणजे जेवढा वेळ प्रवासी तुमच्या गावात, तेवढा वेळ मालकाचा गल्ला बंद. मग त्यातून दोन वाटा निघतात. एक तर थांबा आखूड करायचा, नाहीतर बंदरच आपलं करायचं. बहामात ‘कोकोके’ हे बेट रॉयल कॅरिबियनने २०१९ मध्ये नव्याने सजवलं. तिथे बेट कंपनीचं, खुर्ची कंपनीची, नारळपाणीही कंपनीचं. आमच्या हायवेवर गाडीमालकाने स्वतःचंच हॉटेल काढावं, तसला प्रकार.

हे सगळं जगात सर्वांत उघडं दिसतं ते अलास्कात. तिथे स्कॅगवे आणि हेन्स अशी दोन गावं आहेत. पाण्याने एकमेकांपासून पंचवीस-एक किलोमीटर, रस्त्याने जायचं तर डोंगर आणि दुसरा देश ओलांडून साडेपाचशेहून जास्त. दोन्हीकडे तेच हिमाच्छादित डोंगर, तीच खाडी, आणि हेन्सला तर गरुड बघायला लांबून लोक येतात. पण जेमतेम बाराशे वस्तीच्या स्कॅगवेत हंगामात एकेका दिवशी दहा हजारांच्या आसपास माणसं उतरतात आणि हेन्सला त्या मानाने फारच थोडी. कारण १८९८ ते १९०० दरम्यान सोन्याच्या धावपळीत बांधलेली एक नॅरोगेज रेल्वे. ती स्कॅगवेहून सुटते, डोंगर चढते, माणसं बसवते आणि ठरल्या वेळी परत आणून सोडते. कंपनीला असला कार्यक्रम फार आवडतो, कारण त्याचं तिकीट जहाजावरच विकता येतं, पाऊस आला तरी तो रद्द होत नाही आणि माणूस हरवत नाही. ही रेल्वे २०१८ मध्ये विकली गेली, तेव्हा घेणाऱ्यांत कार्निव्हल ही जगातली सर्वांत मोठी क्रूझ कंपनी भागीदार होती. रेल्वेच्या ताब्यात तेव्हा गावचे धक्केही होते, भाडेपट्ट्याने. म्हणजे जहाजाच्या मालकाचा वाटा धक्क्यातही आणि रेल्वेतही. ड्रायव्हरला ताट देणाऱ्या हॉटेलात ड्रायव्हरचीच भागी!

तिथलं दुसरं उदाहरण त्याहून गमतीचं आहे. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन थेट दुसऱ्या अमेरिकी बंदरात सोडता येत नाही, आणि फेरी मारून परत आणायचे असतील तरी मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं. क्रूझ जहाजं तर जवळपास सगळीच परदेशी झेंड्याची. म्हणून सिएटलहून अलास्काला जाऊन परतणारी जहाजं कॅनडाच्या व्हिक्टोरियाला शिवून येतात, पुष्कळदा रात्री, काही तासांपुरती. प्रसिद्ध बागा बघायला उजेड नसतो, पुष्कळ प्रवासी उतरतही नाहीत. जहाज तिथे कायद्यापुढे हजेरी लावायला जातं. करोनात कॅनडाने बंदरं बंद ठेवली, तेव्हा अमेरिकेने २०२१ मध्ये तात्पुरती सूट दिली आणि जहाजं व्हिक्टोरियाला न शिवता गेली. बाग तीच होती, कायदा नव्हता.

तिसरं उदाहरण मात्र माझ्या मनात घर करून आहे. हूना हे नऊशे-एक वस्तीचं त्लिंगित आदिवासींचं गाव. मासेमारी घसरली, माशांचे डबे भरण्याचा जुना कारखाना बंद होता. गावाच्या स्वतःच्या कंपनीने, हूना टोटेमने, त्याच कारखान्यात २००४ मध्ये ‘आयसी स्ट्रेट पॉइंट’ नावाचं बंदर सुरू केलं. धक्का नव्हता, जहाजं बाहेर उभी राहायची आणि प्रवासी लाँचने यायचे. असं बारा वर्षं चाललं, धक्का २०१६ मध्ये झाला. म्हणजे जहाजं आधी आली, धक्का मागून. आपल्याकडे हे नेमकं उलटं चालतं. विशाखापट्टणमला क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २०२३ मध्ये थाटात झालं आणि नंतर महिनेच्या महिने तो धक्का जहाजाची वाट बघत राहिला. नवरदेव ठरायच्या आत मांडव घातला होता.

माझं म्हणणं असं की धक्का हा प्रश्नाचा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात महाग भाग आहे, आणि आपण सार्वजनिक पैसा तिथूनच खर्चायला सुरुवात करतो. जहाजाला बंदर लागतं ते त्याच्या सोयीसाठी. त्या सोयीत आपलं गाव बसत नसेल तर धक्का बांधून ते बसणार नाही. बसत असेल, तर सौदा करायची ताकद आपल्याकडे आहे आणि तो सौदा सिमेंट ओतायच्या आधी व्हायला हवा. सिमेंट वाळल्यावर मालक तुमच्याकडे येत नाही, तुम्ही त्याच्या दाराशी जाता.

मालवणकडचे माझे एक स्नेही यावर भडकले. ‘‘तुमका काय जाता सांगूक!’’ म्हणाले. तुमच्याकडे गोदावरी आहे, द्राक्षं आहेत, कुंभमेळा आहे. आमच्या पोरांनी पुन्हा मुंबईच गाठायची का? एक जहाज आलं तर रिक्षावाला, सरबतवाला, किल्ल्यावर होडी नेणारा, सगळ्यांचा दिवस होतो.

दिवस होतो, मान्य. ते म्हणतात त्यातलं दुःख खोटं नाही. पण चार तासांसाठी उतरलेल्या माणसाचा खर्च किती, हे मला पंचवटीत कळलंय. तो जेवून आलेला असतो आणि जेवायला परत जाणार असतो. त्याला खोली नको, अंथरूण नको, सकाळचे पोहे नकोत. त्याला पाणी, पिशवी, फोटो आणि स्वच्छतागृह हवं. पहिल्या तिघांचे पैसे मिळतात, चौथ्याचा खर्च नगरपालिकेवर पडतो. आणि दोन हजार माणसं एकदम येतात, एकदम जातात, म्हणून रिक्षा दोन तास कमी पडतात आणि उरलेले बावीस तास रिकाम्या उभ्या. जिथे खूप जहाजं येतात तिथले लोक काय करतायत तेही बघावं. अलास्काची राजधानी जूनो, तिथे बाहेरून रस्ताच जात नाही, यायचं तर बोटीने नाहीतर विमानाने. त्या तीस-बत्तीस हजारांच्या गावाने कंपन्यांशी करार करून २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं असं ठरवलं. २०२६ पासून दिवसाला सोळा हजार प्रवाशांच्या खाटा, शनिवारी बारा हजार, अशी मर्यादा. शनिवार पूर्ण जहाजमुक्त करा, असा प्रस्तावही मतदानाला आला होता. तो लोकांनी फेटाळला, कारण पोटं त्यावर आहेत. मला तो निकाल शहाणपणाचा वाटतो. यावंच नये असं त्यांनी म्हटलं नाही, किती यावं हे ठरवलं. ही ताकद एकट्या मालवणकडे नसेल, कारण मालवणने अट घातली की कंपनी म्हणेल, आम्ही वेंगुर्ल्याला जातो. अट घालायची तर सगळ्या किनाऱ्याने मिळून, राज्याच्या मेरीटाइम बोर्डामार्फत घालायला हवी. धक्के मात्र तालुक्या-तालुक्याच्या आमदारांच्या हट्टाने मंजूर होतात.

ही गोष्ट नवी नाही, आणि तिचा पुरावा आमच्याकडेच डोंगरात कोरलेला आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्याच्या नोंदी लिहून ठेवल्यात. भडोचला नर्मदेचं मुख इतकं धोक्याचं की राजाचे कोळी नावा घेऊन पुढे जायचे आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणायचे. बंदर अवघड, पण जहाजं तिथेच. उलट कल्याण चांगलं चालतं बंदर होतं, त्याची अडवणूक झाली, आणि तो लिहितो की तिकडे गेलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची शक्यता असे. तेव्हाही जहाज कुठे लागणार हे सत्ता आणि पैसा ठरवत होते, फक्त पद्धत जरा सरळ होती.

भडोचवर तेव्हा क्षत्रपांचा, म्हणजे शक राजांचा, अंमल. त्यातल्या नहपानाचा जावई उषवदात, त्याचा लेख आमच्या पांडवलेण्यांत दहा क्रमांकाच्या लेण्यात आहे. वाइनरीला जाणाऱ्या गाड्या त्या डोंगराखालून जातात आणि क्वचितच कोणी वर चढतं. त्या लेखात उषवदाताने आपली दानं मोजून सांगितलीत. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहणुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसोर), गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) इथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी, तळी, बागा केल्या. गोवर्धन म्हणजे आमच्या गंगापूर रोडवरचं गोवर्धन. तिथल्याच दुसऱ्या लेखाप्रमाणे भिक्खूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव ठेवली, एकीकडे दोन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) दरमहा शेकडा एकने, दुसरीकडे एक हजार शेकडा पाऊणने. स्वतःची बढाई मारणारा लेख आहे, त्यात काही कमी लिहिलं असेल असं नाही. पण तरी वाचताना वाटतं, या माणसाने वाटेवरच्या माणसासाठी दोन गोष्टी केल्या : पलीकडे जायला नाव आणि रात्री टेकायला ओसरी.

मुक्काम पडला की गावाला पैसा मिळतो. थांब्याचा पैसा थांबवणाऱ्याच्या खिशात जातो. नाशिकच्या धंद्यात हा फरक मी रोज बघत होतो.

आमची गाडी म्हणजे एक जहाजच होतं. मुंबईहून रात्री निघायचं, सकाळी पंचवटी, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, मग त्र्यंबक, जेवण, शिर्डी, शनि शिंगणापूर, परत. पंचवटीला दीड तास. त्यात काळाराम मंदिरात रामाची गोष्ट सांगायला वेळ असायचा, पण याच मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० ला आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, हे सांगायला नसायचा. पुढे चिवड्याच्या दुकानाशी वीस मिनिटं मात्र पक्की. का, ते सुरुवातीला सांगितलंच आहे. शिर्डीला जाताना सिन्नर लागतं. तिथे रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर गोंदेश्वर आहे, यादवकाळातलं भूमिज शैलीतलं पंचायतन, काळ्या दगडात असं देऊळ महाराष्ट्रात दुसरं दाखवा. आमची गाडी त्याच्या शेजारून हजारो वेळा गेली. थांबली नाही, कारण तिथे रांग नाही, नवस नाही, पेढ्याचं दुकान नाही, कमिशन नाही. गोंदेश्वर हे आमचं हेन्स.

आणि आता गंमत बघा. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मुंबईची गाडी इगतपुरीवरून परस्पर सिन्नर-कोपरगावच्या अंगाने शिर्डी गाठते. नाशिक वाटेतच नाही. मी धंदा केला त्या काळात दीड तासाचा का होईना, थांबा होता. आता जहाजाने बंदरच वगळलं. ज्या रस्त्याच्या भरवशावर आम्ही क्रूझचे पाहुणे आणणार आहोत, त्याच रस्त्याने आमचा रोजचा भाविक आमच्या बाजूने निघून जातोय, आणि यावर बैठक कोणी बोलावलेली मी ऐकली नाही.

मग नाशिकने करायचं काय? मला सुचतं ते सांगतो, पटलं तर बघा. ज्या बंदरातून जहाज सुटतं आणि ज्या बंदरात ते नुसतं टेकतं, त्यांच्या कमाईत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सुटतं तिथे जहाजाची कोठी भरली जाते. मुंबईहून जहाजं सुटू लागलीत, एकेका फेरीला शेकडो किलो भाजी, फळं, कांदा, आणि पिंपांनी वाइन लागते. हे सगळं पिकतं कुठे? क्रूझचा पाहुणा नाशिकला येणार नाही, पण निफाडची द्राक्षं त्याच्या ताटापर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी धक्का लागत नाही, खरेदी अधिकाऱ्याचा फोन नंबर लागतो. त्या बैठकीत मी हे बोललो. ‘‘काका, आपला विषय पर्यटनाचा आहे,’’ असं मला सांगण्यात आलं.

दुसरं, सिंहस्थासाठी येणारा पैसा. रस्ते, घाट, पूल होतील. त्यातला काही भाग २०२८ नंतरही माणसाला नाशिकमध्ये एक रात्र ठेवेल अशा गोष्टींवर जावा. म्हणजे संध्याकाळच्या गोष्टींवर, कारण माणूस रात्र राहतो तो संध्याकाळसाठी. पांडवलेण्यांचा डोंगर उतरून आलेल्याला पुढे काय? सिन्नरला उजेडात बघितलेलं देऊळ चांदण्यात बघता येतं का? सिटीलिंकची बस त्र्यंबकला आणि सिन्नरला जाते, पण ती नोकरदाराच्या वेळेने जाते, पाहुण्याच्या नाही. धर्मशाळांची गादी, चादर, नळाचं पाणी. याची फीत कापता येत नाही, म्हणून कोणी मागत नाही.

माझ्या धंद्यातली एक सकाळ सांगतो. गाडी शिर्डीला चालली होती, सिन्नरला मागचं चाक बसलं. स्टेपनीही फुसकी निघाली. दुरुस्तीला दोन तास लागणार म्हटल्यावर लोक वैतागले, तेव्हा ड्रायव्हरने वेळ काढायचा म्हणून त्यांना गोंदेश्वरला पिटाळलं. मीही गेलो. माणसं एरवी देवळात करतात तसं काही करेनात. नुसती फिरत राहिली, खांबांवरून हात फिरवत, आणि एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर पाय सोडून बसले ते उठायलाच तयार नव्हते. चाक झालं, हॉर्न वाजला. गाडीत चढताना एका बाईंनी मला विचारलं, ‘‘भाऊ, हे तुमच्या कागदावर का नाही?’’

मी म्हटलं, ‘‘ताई, इथे गाडी थांबत नाही.’’

पुढच्या आठवड्यात पत्रकं नव्याने छापायची होती. प्रुफं माझ्याच हातात होती. सिन्नर मी घातलं नाही.